पाचातल्या चार काचा

साळवेकाका कोणाच्याही घरी चहाचा पहिला घोट घेतात, तो जिभेवर थोडा थांबवतात आणि यजमानाच्या तोंडावर निकाल सांगतात. "पास" किंवा "रिजेक्ट". अंबरनाथच्या एका कंपनीत माल तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर कंपनी सुटली, तपासणी सुटली नाही. आमच्या चिखलोलीच्या सोसायटीत त्यांनी आजवर लिफ्टचं दार, गणपतीचं मखर, वॉचमनची शिट्टी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला सांगून आलेलं एक स्थळ रिजेक्ट केलं आहे. स्थळाच्या बाबतीत ते बरोबर निघाले, म्हणून आता त्यांना कोणी काही बोलत नाही.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहतो. माझा स्वभाव असा, की कोणाचं काहीही बिघडलं तरी अपराध्यासारखं मलाच वाटतं. लिफ्ट बंद पडली की वाटतं, मीच बटण जोरात दाबलं असणार. तेव्हा काकांचं स्टूल परत करायला गेलो असताना त्याचा पाय माझ्या हातून त्यांच्या माशाच्या टाकीवर आपटला, त्या क्षणी माझं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. पुढच्या काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चीर गेली. पाणी खोलीभर आणि त्या पाण्यात तडफडणारा पिंट्या.

पिंट्या म्हणजे तळहाताएवढा काळा-केशरी ऑस्कर मासा. काकींनी तो उल्हासनगरहून करंगळीएवढा आणला होता. पुढे काकी गेल्या. काका सोडले तर त्या घरात जिवंत असं तेवढंच उरलं.

काका ओरडले नाहीत. "पिंप रिकामं करा," एवढंच म्हणाले. पिंट्या बाथरूममधल्या निळ्या पिंपात गेला.

"काका, मी उद्याच नवी टाकी आणतो."

"कशाला? पाचातल्या चार काचा पास आहेत. एकीसाठी चौघींना फाशी?"

पिंपात हवेची नळी सोडली, पण पिंट्याने खाणं सोडलं. काका सारखे झाकण उचलून बघायचे आणि परत ठेवून द्यायचे. आंघोळीला ते आमच्याकडे यायला लागले. म्हणाले, "तिथे पिंट्या असतो. त्याच्यासमोर बरं दिसत नाही." पहिल्याच दिवशी आमचा गीझर रिजेक्ट झाला. "टाकी यांनी फोडली आणि नापास माझा गीझर," बायको म्हणाली.

काच आणायला आम्ही दोघं उल्हासनगरला गेलो. दुकानदार म्हणाला, "साईं, नया टँक ले लो ना. इसमें क्यूं माथा खपा रहे हो?"

"नया तू रख. मेरे को एक काच मंगता," काका म्हणाले आणि कडेवरून बोट फिरवत त्यांनी त्याच्या दोन काचा रिजेक्ट केल्या. तिसरी चादरीत गुंडाळून रिक्षात आम्हा दोघांच्या मध्ये ठेवली.

"भाऊ, खड्ड्यातून नको, खड्ड्याच्या बाजूने घ्या!"

"काका, बाजूला पण खड्डाच आहे," रिक्षावाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कामाला बसलो. टाकी स्टँडवरून उचलली, तर खालचं प्लायवूड फुगून काळं पडलेलं. पापुद्रे सुटले होते. एका दिवसाच्या पाण्याने असं होत नाही. काकांनी घाईघाईने त्यावर पेपर पसरला.

फुटकी काच सोडवली, जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडलं, कडा पुसल्या. काकांनी नव्या सिलिकॉनची सरळ रेघ ओढली. खोलीत व्हिनेगरसारखा वास सुटला. मी काच टेकवली.

"आता धरा. मी चिकटपट्टी लावतो. हलायचं नाही. शिंक आली तर गिळा."

मी काचेला तळवे लावून बसलो. पलीकडून काकांचा चेहरा. उठून जायला दोघांनाही वाव नव्हता, म्हणून विचारलं.

"काका, टाकी आधीपासून गळत होती ना?"

"नीट दाबा."

"प्लाय सडलाय खाली."

काकांनी पट्टीचा तुकडा तोडला. "दिवाळीपासून. याच काचेचा खालचा जोड सुटला होता. टॉवेल ठेवायचो, सकाळी पिळायचो, वरून पाणी घालायचो."

"मग तेव्हाच का नाही केली? तुम्हाला तर सगळं येतं."

"येतं हो. पण एकाने काच धरायची, दुसऱ्याने पट्टी लावायची. मागच्या वेळी हिने धरली होती."

"मला हाक मारायची. समोर तर राहतो."

"काय हाक मारणार? शिर्के, जरा काच धरायला या? असं कोणी कोणाला सांगतं का?"

रविवारी सकाळी माझी बेल वाजवून, तुमचा चपलांचा स्टँड वाकडा आहे, हे सांगून जाणारा माणूस हे म्हणत होता. टाकी माझ्याआधीच गळत होती हे ऐकून खरं तर मला हलकं वाटायला हवं होतं. उलट झालं. मी काच आणखी घट्ट धरली.

सिलिकॉन पक्कं होईपर्यंत काकांनी पाण्याचा थेंब घालू दिला नाही. मग टाकी भरली, खाली कोरा पेपर ठेवला. संध्याकाळपर्यंत पेपर कोरडा राहिला, तेव्हा पिंट्याला आत सोडलं. तो तळाशी जाऊन पडून राहिला. आम्ही दोघं टाकीसमोर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तो वर आला आणि पाण्यावरचा दाणा त्याने टपकन उचलला. काकांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच काच पुसली.

मी निघालो, चपला घालत होतो.

"शिर्के, पाच मिनिटं आहेत का?"

"आहेत की."

"आतली गादी पलटायची आहे. डबलची आहे. एकट्याने होत नाही."

आत गेलो. गादीला दाराकडच्या बाजूला माणसाएवढा खळगा पडला होता. खिडकीकडची बाजू सपाट होती, तिथली उशी जागच्या जागी होती. मी माझ्याकडची लांब कड उचलली.

"अशी नाही," काका म्हणाले. "डोक्याकडून पायाकडे पलटायची. तुम्ही उचलताय तशी पलटली, तर तिची बाजू माझ्याकडे येते."

मी कड खाली ठेवली आणि फिरून पायथ्याशी जाऊन उभा राहिलो.