चार वाजताचं लग्न

मुलीने अट घातली ती ताटं उचलताना. एका लग्नाची व्यवस्था करून दाखवा. नीट पार पडलं तर पुढचं बघू. नाहीतर हा उद्योग बंद, घराला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे राहायला.

“चालेल,” बाबा म्हणाले आणि वहीचं पान उलटलं.

बाबांनी बस डेपोत एकतीस वर्षं वेळापत्रकं आखली होती. निवृत्तीनंतर वर्षभरात बायको गेली आणि दोन खोल्यांचं घर एकदम मोठं झालं. मुलीकडे जागा होती, नातवंडं होती, जावई भला माणूस होता. पण बाबांना स्वतःच्याच घरात राहायचं होतं, आणि त्यासाठी मुलीला पटेल असं काहीतरी काम हातात हवं होतं. शेजारच्या शिवणवाल्या बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं आणि धावपळीने बाई रडकुंडीला आल्या, तेव्हा बाबांनी सांगून टाकलं की सगळं मी आखून देतो. लग्न म्हणजे तरी काय? इतकी माणसं, इतक्या वाजता, एका जागी. रोज दीडशे गाड्यांचं त्यांनी हेच केलं होतं.

गाडीत आणि माणसात फरक एवढाच, की उशिरा आलेल्या गाडीला निदान कारण तरी असतं. म्हणून बाबांनी नियम केला की माणसाला खरी वेळ सांगायची नाही. लग्न चारला. मग जो जितका उशीर करणारा, तितकी त्याची वेळ अलीकडे ओढली. फोटोवाल्याला दीड, वधूकडच्यांना दोन, लग्न लावणाऱ्या नोंदणी अधिकाऱ्याला तीन. निमंत्रणावर चारच छापलं, कारण छापलेलं वाचतो कोण? तोंडी खरी वेळ सांगितली ती एकट्या नवरदेवाला. स्वतःच्या लग्नाला कोण उशिरा येतो?

नियम घरात तावूनसुलाखून निघालेला होता. सहाचं नाटक असलं की ते बायकोला साडेपाच सांगत. चौतीस वर्षांत एकाही नाटकाची सुरुवात चुकली नव्हती.

लग्नाच्या दिवशी साडेअकराला बाबा हॉलवर पोहोचले. आत सकाळचं लग्न चालू होतं. दोनला हॉल बाबांच्या ताब्यात मिळणार होता. फाटकाशी एक मिनीबस उभी होती आणि तिच्यातून वधूकडची एकवीस वडीलधारी माणसं नटूनथटून उतरत होती.

बाबांनी शिवणवाल्या बाईंना फोन लावला. बाईंचं म्हणणं, दोन सांगितलं की आमची माणसं तीनला येतात, म्हणून मी बहिणीला एक सांगितलं. बहीणही त्यांच्यातलीच. तिने बारा केलं.

“आणि तिने वर सांगितलंय हो भाऊ,” बाई म्हणाल्या, “की व्यवस्था बघणारा माणूस डेपोतला आहे, वेळ झाली की दार लावून घेतो. घाबरून अर्धा तास आधीच निघाले असतील.”

मुलगी निकाल बघायला आली होती, ती हाताची घडी घालून शेजारी उभी राहिली. हे ठरल्याप्रमाणे चाललंय का, असं तिने विचारलं.

“ठरल्याप्रमाणेच,” बाबा म्हणाले. “फक्त जरा आधी.”

तोवर मंडळी आत शिरली होती. सकाळच्या लग्नाचे पाहुणे अजून यायचे होते, तेव्हा रिकाम्या खुर्च्या बघून यांनी पुढच्या दोन रांगा धरल्या. टाळ्या वाजवल्या. एका मावशीला नवरी ओळखू येईना, पण नटल्यावर कोण ओळखू येतंय असं म्हणून तिने डोळे पुसले. मग जेवायला बोलावलं, आणि मंडळींनी आढेवेढे घेतले नाहीत.

सकाळचे खरे पाहुणे एकला आले तेव्हा भांड्यांचा तळ दिसत होता. त्या नवरीच्या वडिलांचा चेहरा लाल झाला. हॉलचा मॅनेजर दोन्ही बाजूंना मान हलवत बसला. बाबांनी वही उघडली. अशा प्रसंगासाठी तिच्यात रकाना नव्हता.

मुलीने बाह्या सारल्या. आपल्या स्वयंपाक्याला सांगितलं की आपलं जेवण आत्ताच यांना वाढ, आणि सकाळच्याला सांगितलं की तू आमच्यासाठी पुन्हा चूल पेटव. दोघे हमरीतुमरीवर आले. उपाशी पाहुण्यांशी तुमच्यापैकी कोण बोलणार, एवढंच तिने विचारलं. दोघेही मुकाट कामाला लागले.

“हे कुठे शिकलीस?” बाबांनी विचारलं.

“आईकडे. तुम्ही आखायचात, ती निस्तरायची.” मग ती म्हणाली, “नाटकाचं तिला माहीत होतं, बाबा. साडेपाच म्हणालात की ती सहा धरून निवांत आवरायची.”

“बोलली नाही कधी.”

“तुम्ही किती खूश व्हायचात.”

बाबांनी वहीची पानं मागे-पुढे केली. वाचलं काहीच नाही. मग चष्मा पुसला आणि उठले, कारण दोन वाजले होते आणि खुर्च्या मांडायच्या होत्या.

नोंदणी अधिकारी तीनच्या ठोक्याला हजर. त्यांना चारला दुसरीकडे लग्न लावायचं होतं. नवरदेवाचा पत्ता नव्हता, कारण त्याला खरी वेळ माहीत होती. मुलीने फोन लावला तर तो दोन गल्ल्या पलीकडे दाढी करवून घेत होता. बाबा स्वतः निघाले. एका गालावर फेस असलेला नवरदेव आरशातून त्यांच्याकडे बघत राहिला.

“काका, चारला ना?”

“साडेतीनला आहे आता. ऊठ.”

“कोणी बदललं?”

“मीच,” बाबा म्हणाले आणि टॉवेल त्याच्या हातात दिला.

एका गालाने गुळगुळीत आणि दुसऱ्या गालाने तीन दिवसांचा असा नवरदेव तीन चाळीसला उभा राहिला. सह्या झाल्या, अधिकारी निघून गेले. चारच्या ठोक्याला निमंत्रण हातात धरून सहाजण आले, छापलेलं वाचणारे. त्यांच्या मागोमाग फोटोवाला. सह्यांचा एकही फोटो नाही म्हणून शिवणवाल्या बाई डोळ्यांना पदर लावायच्या बेतात होत्या, तेव्हा बाबांनी वहीतलं कोरं पान पुढे केलं. नवरानवरीने त्यावर पुन्हा सह्या केल्या, सहाजणांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. सगळ्या फोटोंत नवरदेव एकाच बाजूने दिसतो.

संध्याकाळी सकाळच्या नवरीचे वडील परत आले. बाबा ताठ उभे राहिले. जे ऐकावं लागेल ते मुलीसमोर ऐकून घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. गृहस्थ म्हणाले की पाहुणे जेवणावर खूश आहेत आणि पुढच्या रांगा भरलेल्या दिसल्याने सासरकडची माणसं दबून आहेत. धाकट्या मुलीचंही यंदाच करायचं आहे. बाबांनी कार्ड काढलं.

“तुम्ही नको,” गृहस्थ म्हणाले. “या बाई हव्यात.” त्यांनी मुलीकडे बोट दाखवलं.

बाबांनी कार्ड खिशात ठेवलं. सामान बांधायला दोन खोकी पुरतील, असा त्यांनी हिशेब केला. मुलीने त्यांच्याकडे बघितलं, मग गृहस्थांकडे.

“ऑफिस आहे ना कुठे?” गृहस्थांनी तिला विचारलं.

“आहे,” ती म्हणाली. “दोन खोल्यांचं. मी रोज तिथे असेन. पण तिथे माझे वडील राहतात. त्यांना हलवता येणार नाही.”