एका घरामागे एक ॲलर्जी

माणसाची त्वचा हा त्याच्या शरीरातला सर्वांत मोठा अवयव आहे, आणि मोठ्या माणसांप्रमाणेच तिलाही कधी काय खटकेल याचा नेम नसतो. वीस वर्षे ती एखाद्या झाडाशेजारून मुकाट्याने जाते-येते. एकविसाव्या वर्षी एका सकाळी तिला त्या झाडाचा अचानक राग येतो. अंगावर गांध्या उठतात, डोळे सुजतात, माणूस दाराच्या चौकटीला पाठ घासू लागतो. वैद्यकशास्त्रात याला ॲलर्जी म्हणतात. आमच्या इमारतीत याला ठराव क्रमांक सात म्हणतात.

इमारत चार मजल्यांची, सोळा घरांची. कुंपणाच्या आत चारही बाजूंनी बाग होती. ती कोणी लावली हे कोणालाच आठवत नव्हते, त्यामुळे तिच्याविषयी सर्वांना सारखाच अभिमान होता. बागेत प्रत्यक्ष जाण्याची वेळ मात्र फक्त तळमजल्यावरच्या बाईंवर येत असे. बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या खिडकीखाली शेवंतीचा वाफा होता, आणि दर रविवारी सकाळी इमारतीतली मुले तिथे जमत. प्रत्येक मुलाला एक रोप नेमून दिलेले असे. शेंडा कुठे खुडायचा, खुडला की बाजूने दोन फांद्या कशा फुटतात, मुळाशी पाणी किती घालायचे, हे बाई शिकवीत. मुलांना वाटे आपण फुले वाढवतो आहोत. पालकांना वाटे मुले एक तास घराबाहेर आहेत. दोन्ही पक्ष समाधानी होते.

या विकाराची सुरुवात अध्यक्षांपासून झाली, आणि ते योग्यच झाले. पुढाकार घेण्याची त्यांना सवय आहे. त्यांनी नवी गाडी घेतली त्याच आठवड्यात त्यांच्या मनगटावर एक लाल ठिपका उठला. (तो डास चावल्याचा असावा, अशी शंका त्यांच्या पत्नीने बोलून दाखवली. पण त्या कार्यकारिणीवर नाहीत.) तातडीची सभा बोलावण्यात आली.

"कोणत्या झाडामुळे होतंय?" चिटणीसांनी विचारले.

"ते फाटकाजवळचं," अध्यक्ष म्हणाले. "हिरवं. पानं असलेलं."

एवढ्या नेमक्या वर्णनावरून ते कण्हेरीचे झाड असल्याचे निश्चित झाले. सदस्याचे आरोग्य आधी, झाड नंतर, हे तत्त्व एकमताने मान्य झाले आणि ठराव क्रमांक सात मंजूर झाला: सदस्याने लेखी मागणी केल्यास त्याला त्रास देणारे झाड काढून टाकावे. दुसऱ्याच दिवशी कण्हेर काढली. खड्डा बुजवून वर फरशी घातली. मोकळ्या जागेत तण माजते आणि तणाची ॲलर्जी आणखी वाईट, म्हणून केवळ खबरदारी म्हणून अध्यक्षांनी तिथे आपली गाडी उभी केली. ठिपका संध्याकाळपर्यंत नाहीसा झाला.

ॲलर्जी संसर्गजन्य नसते, असे पुस्तकांत लिहिलेले असते. ती पुस्तके लिहिणारे आमच्या इमारतीत राहिलेले नाहीत. महिनाभरात तिसऱ्या मजल्यावरच्या औषधविक्रेत्यांना गुलाबाच्या ताटव्याने शिंका येऊ लागल्या. त्यांच्या शेजारच्या विमा एजंटना रबराच्या झाडाची सावली पडली तरी मान लाल होई. ती सावली सकाळी पूर्वेच्या भिंतीवर पडे आणि एजंट पश्चिमेकडे राहत. यावरून त्यांची त्वचा किती हळवी आहे हे सभेच्या लक्षात आले. एका कुटुंबाकडे गाडीच नव्हती. त्यांनी मेहुण्याच्या वतीने बोगनवेलीची ॲलर्जी नोंदवली. मेहुणा रविवारीच येतो, पण खाज काही वार बघून सुटत नाही.

चौथ्या मजल्यावरच्या वकिलांना मात्र एकाच पंधरवड्यात तीन झाडांची ॲलर्जी झाली. त्यांच्याकडे गाड्याही तीन होत्या. हा योगायोग असला तरी इतर सदस्यांना तो आवडला नाही. तेव्हा सवलतीचा गैरफायदा घेतला जाऊ नये म्हणून ठरावाला जोड देण्यात आली: एका घरामागे एकच ॲलर्जी. ती दुसऱ्या घराला देता येणार नाही, पण घराबरोबर राहील. वकिलांनी तीनपैकी निवडुंगाची ठेवली. उरलेल्या दोन त्यांनी मनाच्या जोरावर बऱ्या केल्या.

उपचाराचे निकाल थक्क करणारे आहेत. चौदा घरांनी मागणी केली, चौदा झाडे काढली, चौदा गाड्या उभ्या राहिल्या आणि चौदाही रुग्ण ठणठणीत बरे झाले. असा शंभर टक्के गुण येणारे औषध अजून निघालेले नाही. (गाड्यांच्या छपरांवर ऊन तापते आणि खालच्या घरांत आता भट्टी पेटल्यासारखे होते. पण उकाड्याचा समावेश ठराव क्रमांक सातमध्ये होत नाही.)

चांगल्या कामावर बोट ठेवणारे असतातच. शेजारच्या इमारतीत कुजबुज सुरू झाली की आमच्या ॲलर्ज्या खोट्या आहेत. त्या इमारतीला अजूनही बाग आहे आणि गाड्या रस्त्यावर लावाव्या लागतात, तेव्हा त्यांचा मत्सर समजण्यासारखा होता. तरीही एकदाचा शास्त्रीय पुरावा तोंडावर मारावा, म्हणून अध्यक्षांनी तपासणी शिबिर ठेवले. औषधविक्रेत्यांची भाची त्वचारोगतज्ज्ञ आहे. ती येऊन चौदाही घरांतल्या सर्वांच्या पाठींवर वेगवेगळ्या झाडांच्या रसाच्या चिकटपट्ट्या लावून गेली. दोन दिवस आंघोळ करायची नव्हती. इमारतीने हा त्यागही हसतमुखाने केला.

तिसऱ्या दिवशी जिन्याखालच्या सभेच्या खोलीत पाठी उघडण्यात आल्या. पुरुष टेबल टेनिसच्या टेबलाच्या अलीकडे, बायका पडद्यापलीकडे. डॉक्टरने एकेक पट्टी सोलली, भिंग लावून पाहिले आणि पुढच्या पाठीकडे गेली. चौदा घरांतल्या सगळ्या पाठी स्वच्छ होत्या.

"काका," तिने अध्यक्षांना विचारले, "त्या कण्हेरीला तुम्ही कधी हात लावला होता?"

"हात? छे! मी कशाला हात लावू? लांबून बघितलं तरी अंगावर यायचं."

"मग कठीण आहे. ही ॲलर्जी बहुतेक वेळा रोज हाताळणाऱ्यांना होते. कातडीची आधी ओळख व्हावी लागते."

तेव्हा वकील उठले आणि त्यांनी निकालाचा खरा अर्थ समजावून सांगितला: झाडे काढल्यामुळेच पाठी स्वच्छ झाल्या आहेत. टाळ्या झाल्या. पाठी पुन्हा झाकण्यात आल्या.

तेवढ्यात खिडकीच्या गजांतून आत डोकावणारी विमा एजंटांची मुलगी म्हणाली, "बाईंचं पण बघा ना. बाई भांडी घासायच्या काथ्यानं हात खाजवतात."

"चहाडी करू नये," बाई म्हणाल्या. त्या दाराशी उभ्या होत्या. भर उन्हाळ्यात त्यांनी पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातला होता, आणि गेले काही महिने कोणी विचारले की त्या "थंडी वाजते" असे सांगत. डॉक्टरने बाही वर सारली. आतून जे दिसले त्यावर लिहिण्याचा मोह मी आवरतो. हाताला साल असते असे मला तोवर वाटत नव्हते. बाईंच्याही पाठीवर पट्ट्या लावल्या. दोन दिवसांनी सभा पुन्हा भरली तेव्हा शेवंतीच्या पट्टीखाली रुपयाएवढी सूज निघाली.

अशा रीतीने ठरावाच्या इतिहासात प्रथमच एक रुग्ण सापडला.

"शेंडे खुडणं बंद," डॉक्टर म्हणाली. "हातमोज्यांनी भागणार नाही. पुढच्या वेळी डोळे बंद होतील इतका चेहरा सुजेल. बाई, यापुढे झाडाला बोट लावायचं नाही."

अध्यक्षांचा चेहरा करुणेने उजळला. शेवंतीचा वाफा ही कुंपणाच्या आतली शेवटची मोकळी जमीन होती आणि त्यांच्या मुलानेही आता गाडी घेतली होती.

"बाई, आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत," ते खुर्चीतूनच म्हणाले. "तुम्ही फक्त अर्ज द्या. उद्याच्या उद्या शेवंती काढतो."

"फुग्या, उभा राहून बोल."

अध्यक्ष उभे राहिले. (ते तिसरीत बाईंच्या वर्गात होते.)

"खाज कोणाला सुटते?"

"तुम्हाला, बाई."

"मग तुझे हात का शिवशिवतायत?"

मागच्या रांगेत कोणीतरी खोकला.

"नियमात काय लिहिलंय? मोठ्यानं वाच."

"सदस्याने लेखी मागणी केल्यास."

"मी मागणी करत नाही. शेवंतीबद्दल माझी काही तक्रार नाही. तिची माझ्याबद्दल असेल तर तिनं अर्ज करावा. बस खाली."

अध्यक्ष बसले. वकिलांनी ठराव उलटसुलट करून पाहिला. बाईंना रोग होता आणि हक्कही होता, पण त्या तो वापरीत नव्हत्या. बाकी सगळे मदतीला तयार होते, पण त्यांचे हक्क वापरून संपले होते. एका आजारी माणसाच्या हट्टापायी चौदा निरोगी माणसांना हात चोळत बसावे लागले. विमा एजंटांनी "मला रबराची झाली होती ती चुकून, खरी शेवंतीचीच होती," असे सांगून पाहिले, परंतु त्यासाठी आधी रबराचे झाड परत लावावे लागले असते.

आता रविवारी बाई वाफ्यापासून चार हात लांब, व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात. हातात लाकडी फूटपट्टी असते. "तिसरं रोप. डावीकडचा शेंडा. तुझा डावा, माझा नव्हे. नखानं, ओढायचा नाही." मुले खुडतात. बाईंचे हात मांडीवर ठेवलेले असतात. मधूनच ते आपोआप उठतात, आणि बाई त्यांना पुन्हा खाली बसवतात, वर्गातल्या खोडकर मुलांना बसवावे तसे. एकदा एका रोपावर मावा पडला, काळ्या बारीक किड्यांनी शेंडे भरून गेले. मुलांना ते नीट पुसता येईनात. बाई खुर्चीतून उठल्या, दोन पावले गेल्या, थांबल्या, आणि परत येऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी तास लवकर सोडला. कार्यकारिणीने ही गोष्ट आशादायक मानली.

परंतु आम्ही केवळ आशेवर विसंबून राहणारे नाही. सोळा वजा चौदा वजा बाई, म्हणजे अजून एक घर उरते. ते तिसऱ्या मजल्यावर आहे, मालक परदेशी असतो, आणि आता ते भाड्याने द्यायचे आहे. त्या घराची ॲलर्जी अजून कोरी करकरीत आहे. नियमाप्रमाणे ती घराबरोबर राहते, म्हणजे भाडेकरूला मिळते. भाडे अध्यक्षांनी मालकाशी बोलून मुद्दाम कमी करून घेतले आहे. खोल्या हवेशीर आहेत. चोवीस तास पाणी आहे. अट एकच, भाडेकरूकडे गाडी हवी.

मला वाटते घर आपल्याला आवडेल. बघायला आलात की अध्यक्ष स्वतः आपल्याला शेवंतीजवळून फिरवून आणतील आणि "काही होतंय का?" असे आपुलकीने विचारतील. मुले आपापल्या रोपाशेजारी उभी राहून आपल्याकडे बघत असतील. बाईही बघतील, पण काही बोलणार नाहीत. त्यांनी आपल्याला तिसरीत शिकवलेले नाही.

आपण मनाने चांगले आहात. इथवर वाचताना आपण बाईंच्या बाजूने होता, हे माझ्या लक्षात आले आहे. सगळेच असतात. कण्हेर काढली तेव्हा औषधविक्रेत्यांना दोन दिवस वाईट वाटले होते, ते त्यांच्या शिंका सुरू होण्यापूर्वी. आपण आलात की पहिला महिना आपणही गाडी रस्त्यावर लावाल. रोज संध्याकाळी जागा शोधत तीन गल्ल्या फिराल, पिशव्या घेऊन चालत याल, आणि फाटकातून आत शिरताना त्या वाफ्याकडे आपली नजर जाईल. तो बरोबर एका गाडीएवढा आहे.

घाई नाही. फक्त एक विचारायचे होते. हे वाचता वाचता मघाशी आपण मानेजवळ, किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, कुठेतरी खाजवलेत. शेवंतीचे सर्वांत जवळचे झाड आपल्यापासून किती लांब आहे, जरा बघून सांगता?