पार्वताबाई सिडाम व इतर चार

आमच्या गल्लीतील श्री. सुखदेव उईके यांच्यापुढे कोणतेही विधान केले, की ते प्रथम एकच प्रश्न विचारत, ‘‘कोन म्हनते?’’ आज पाणी येणार, असे दूधवाल्याने सांगितले तरी हा प्रश्न. रक्तदाब वाढला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले तरी हाच. यात भांडणाचा हेतू नसे. खिशातून पेन्सिलीचा तुकडा आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा जुडगा काढून ते उत्तराची वाट पाहत उभे राहत, आणि उत्तर मिळाले की ते सांगणाऱ्याच्या नावासह लिहून घेत.

मी तहसील कचेरीबाहेर टिनाच्या शेडखाली गेली सव्वीस वर्षे अर्जनवीस म्हणून बसतो. शालेय शिक्षण आठवीपर्यंतच झाले. तथापि माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून कोणत्याही साहेबाने परत केल्याचे स्मरत नाही. माझ्या टेबलापुढे ‘सर्व प्रकारच्या अर्जांचे विश्वसनीय तज्ज्ञ’ अशी पाटी आहे. उईके आमच्या गल्लीत राहायला आले, त्याच आठवड्यात ते कचेरीवरून जाताना थांबले आणि त्यांनी पाटी दोनदा वाचली.

‘‘विश्वसनीय, हे कोन म्हनते, भाऊ?’’

‘‘मीच म्हणतो.’’

त्यांनी अगदी आदराने लिहून घेतले, ‘विश्वसनीय, स्वतःच्या म्हणण्यानुसार.’

आमच्या सौभाग्यवतींनी एकदा त्यांच्यापुढे भरताची वाटी ठेवून म्हटले, ‘‘माह्या हातचं भरीत सारेच वाखानतात, भाऊजी.’’ उईके म्हणाले, ‘‘सारे म्हंजे कोन कोन, वहिनी?’’ तिने तीन नावे सांगितली. त्यांपैकी एक तिच्या दिवंगत आईचे होते. उईक्यांनी त्या नावापुढे ‘आता विचारता येत नाही’ असे लिहिले आणि दोनदा भरीत मागून घेतले. चौथे नाव आपलेच घाला, असे मी सुचवले, तर म्हणाले, ‘‘मी तं खाऊन राह्यलो न. खानाऱ्याची साक्ष कशी धरता येईन?’’ सौभाग्यवती पुढे आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

ते एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला होते. आलेले पुस्तक कोणाचे, कशाविषयी, आणि वाचकाने कोणत्या शब्दाने शोधल्यास त्याला सापडावे, याची संगणकात नोंद करणे हे त्यांचे काम. सहकारी दुपारपर्यंत पुस्तकांचा ढीग उपसत. उईके सकाळच्याच पुस्तकाशी बसलेले असत. जुन्या नोंदींत विषय म्हणून ‘रानटी जमाती’, ‘लुळेपांगळे’ असे शब्द होते. ज्यांच्याविषयी पुस्तक आहे त्यांना विचारून शब्द ठरवावा, असा त्यांचा आग्रह. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या एका विद्यार्थिनीला त्यांनी विचारले, ‘‘बाई, तुमच्याबद्दलचं पुस्तक तुम्ही कोन्या शब्दानं शोधसान?’’ ती म्हणाली, ‘‘सर, मी आधी रॅम्प शोधते. पुस्तकापर्यंत पोचले तर शब्दाचं सांगीन.’’ हेही त्यांनी लिहून घेतले आणि चिठ्ठी ग्रंथपाल मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. आधी रॅम्प झाला. शब्दाचे काम त्यानंतर पुढे सरकले.

जुना शब्द मात्र ते समूळ काढत नसत. ‘‘जुन्या शब्दानं कोनी आला तं त्यालेबी दार पाहिजे,’’ ते म्हणत, ‘‘पन पाटी त्या लोकाईच्या पसंतीची.’’

एका दिवंगत प्राध्यापकांनी पूर्वी समुद्रपूरकडच्या खेड्यांत गोंडी गाणी ध्वनिमुद्रित केली होती. त्या कॅसेटी ग्रंथालयास मिळालेल्या होत्या. नोंदीत कर्ता म्हणून प्राध्यापकांचे नाव, आणि एकत्र गाणाऱ्या पाच बायांच्या जागी एकच शब्द, ‘अज्ञात’. या शब्दाने उईके बेचैन होत.

‘‘अज्ञात म्हंजे कोनाले अज्ञात, भाऊ? तिच्या घरी तं ठाऊकच होती न ती.’’

त्यांच्या निवृत्तीस वर्ष उरले होते. त्याच सुमारास ग्रंथालयाच्या साऱ्या नोंदी अनेक विद्यापीठांच्या सामायिक यादीत जाणार होत्या, आणि एकदा गेल्या की येथून त्यांतील एक अक्षरही हलवता येणार नव्हते. त्यापूर्वी ती पाच नावे नोंदीत लावायची, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला. दर रविवारी ते मोबाइलमध्ये गाणी भरून एसटीने निघत आणि खेडोपाडी म्हाताऱ्या माणसांना ऐकवत. कोणी सुनेने सासूचा आवाज ओळखला, कोणी पुतण्याने काकूचा. चार नावे मिळाली. पाचवा, सर्वांत उंच जाणारा आवाज कोणाचा, हे कोणी सांगू शकेना.

अशात कळले, की त्या चौघींपैकी पार्वताबाई सिडाम हयात असून लेकीकडे राहतात. त्या रविवारी मीही सोबत गेलो. पार्वताबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. गाणे सुरू झाले आणि त्यांचे हात थांबले.

‘‘हे मी,’’ त्या हसून म्हणाल्या. ‘‘आता असा गळा नाई राह्यला. आता गायलं तं कोंबड्या पळतात.’’ मग थोडे ऐकून म्हणाल्या, ‘‘अन् हा वरचा आवाज बुधीचा.’’

‘‘पक्कं, माय?’’ उईक्यांनी विचारले.

‘‘पक्कं.’’

‘‘दुसरी कोनी असन.’’

‘‘अरे, एका ताटात जेवलेल्या आमी. तुले इसवास काऊन नाई?’’

‘‘आनखी कोनी सांगू शकन का?’’

‘‘मी सांगून राह्यली न. आता पोलीस पाटलाले बोलावू का?’’ त्यांनी उईक्यांना खालीवर न्याहाळले. ‘‘तू कोनाचा रे, बापू?’’

‘‘लायब्ररीचा,’’ उईके म्हणाले.

‘‘लायब्ररीतल्या मानसाइले मायबाप नाई राहत का?’’

उईके खाली मान घालून लिहीत राहिले. दोन अक्षरांचे नाव लिहायला त्यांना इतका वेळ लागला, की त्यांचा चष्मा बदलण्याची वेळ आली आहे, असे मला वाटले. परतताना कंडक्टरने गाडी सहाला वर्ध्याला पोचेल असे सांगितले. त्यालाही त्यांनी काही विचारले नाही.

नावे लावण्यासाठी ग्रंथालय समितीची मंजुरी हवी होती. उईक्यांनी स्वतः लिहिलेला अर्ज अकरा पानांचा झाला. कोणत्या बाईचा आवाज कोणी ओळखला, तेव्हा तिथे आणखी कोण होते, हे सारे त्यात होते. ‘एका पानात आणा’ असा शेरा मारून तो परत आला, आणि समितीच्या बैठकीच्या दिवशी दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले.

‘‘पाचही नावं आली पाहिजेत, भाऊ,’’ एवढेच ते म्हणाले आणि पेन्सिलीने लिहिलेली यादी त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

येथे मला माझ्या कामाची रीत सांगणे भाग आहे. अर्जात माणसे अनेक असली, म्हणजे पहिल्याचे नाव पूर्ण लिहून पुढे ‘व इतर’ असे लिहावे आणि नावांची यादी मागे जोडावी. आयुष्यभर मी हेच केले. परंतु ही यादी मला जोडण्याजोगी वाटली नाही. पार्वताबाई सिडाम आणि मैनाबाई कोवे ही दोन नावे पूर्ण होती. बाकी तानी, झिंगी, बुधी. नवऱ्याचे नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही. समोर ‘एका ताटात जेवलेली सांगते’ असल्या टिपा. अशी चिठ्ठी समितीपुढे ठेवल्यास माझ्या अर्जाची शोभा जाईल, असे मला प्रामाणिकपणे वाटले. मी ‘पार्वताबाई सिडाम व इतर चार’ असे टंकलिखित केले आणि यादी टेबलाच्या खणात ठेवली.

उईके अर्ज वाचू लागले. मी म्हटले, ‘‘साहेब, चार वाजून गेले, बैठक सुरू होईल. माझ्या अर्जात आजवर खोड निघालेली नाही.’’

मला ‘कोन म्हनते?’ असे त्यांनी तेव्हा विचारले असते, तर हा मजकूर लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नसती. त्यांनी अर्ज मिटला, सही केली आणि ते सायकलने निघून गेले.

मंजुरी मिळाली. ‘अर्जात नमूद केल्याप्रमाणे नोंद करावी.’ त्याप्रमाणे ‘पार्वताबाई सिडाम व इतर चार’ अशी नोंद झाली आणि त्याच आठवड्यात सर्व नोंदी सामायिक यादीत गेल्या. उईक्यांनी तो कागद मला आणून दाखवला. मी खणातून यादी काढून त्यांच्यापुढे ठेवली. ते म्हणाले, ‘‘अज्ञात तं गेलं, भाऊ. एका पानात बसवलं तुम्ही.’’ त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता, तर बरे झाले असते.

महिन्याभराने ते निवृत्त झाले. सेवानिवृत्तीचे फॉर्म भरायला, इतके होऊनही, ते माझ्याकडेच आले. मी एकेक रकाना विचारत होतो, ते सांगत होते.

‘‘आईचे नाव?’’

‘‘बुधी.’’

मी ‘बु’ लिहिला आणि थांबलो. शेडखाली गर्दी होती. माझ्यामागे कोणीतरी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी घाई करत होते.

‘‘पहिल्याच दिवशी ओळखला होता मी आवाज,’’ उईके म्हणाले. ‘‘मी लहान होतो तवा माय वर्ध्याले कामाले आली, मंग तिकडं परत नाई गेली.’’

‘‘मग सांगितलं काऊन नाही? एवढे रविवार हिंडलात.’’

‘‘पोरगा सांगते म्हनून नाव लावाचं का? उद्या कोनीबी येईन अन् आपल्या मायचं नाव लावा म्हनन. दुसऱ्या कोनाले ती याद पाहिजे होती, भाऊ. निदान एकाले.’’

मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात पाच नावे पाच ओळींत लिहिली, आणि प्रत्येक नावापुढची पेन्सिलीची टीप जशीच्या तशी उतरवली. उत्तर आले, की नोंद आता सामायिक यादीत असल्याने दुरुस्तीचा अधिकार या समितीस नाही. तिसरा अर्ज मी वरच्या कार्यालयास केला आहे. त्याचे उत्तर अद्याप नाही.

उईके आता साधे वाचक म्हणून ग्रंथालयात जातात आणि ते गाणे मागून घेतात. मागच्या आठवड्यात मी त्यांना तिथे भेटलो. कानाला हेडफोन लावून ते खिडकीपाशी बसले होते. गाण्याचा अर्थ काय, असे मी विचारले.

‘‘नाई समजत मले,’’ ते म्हणाले. ‘‘मायनं आमाले ते भाषा शिकवलीच नाई. शाळेत पोरं हासतीन म्हने.’’

त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानाला लावला आणि स्वतः पडद्यावर पुढे सरकणाऱ्या सेकंदांकडे पाहत राहिले. एका ठिकाणी त्यांनी बोट वर केले. तिचा आवाज तिथे वर जात असावा. मी मान डोलावली. मला पाचही आवाज सारखेच ऐकू येत होते.