परबकाका आणि उलटा पक्षी

परबकाका कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, जमिनीकडे बघतात. दार उघडणारा "या, या" म्हणत असतो आणि हे उंबऱ्यातच चप्पल हातात धरून खाली वाकलेले असतात. मग सावकाश मान वर करतात आणि म्हणतात, "बरं आहे. पण सांधा बघा."

फरशीचा सांधा. दोन टाइल्सच्या मधली ती बारीक रेघ. तुमच्या-माझ्या आयुष्यात या रेघेला काडीचं स्थान नाही. परबकाकांचं सगळं आयुष्य त्या रेघेत गेलं. शारजातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते टाइलचे फोरमन. मूळचे वेंगुर्ल्याकडचे. अठ्ठावीस वर्षं इथे आणि तीही एकट्याने.

आमची ओळख बाथरूममध्ये झाली. अल नहदातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पाणी झिरपत होतं म्हणून मालकाने त्यांना पाठवलं. काम दोन टाइल्सचं होतं. काकांनी अख्खी भिंत न्याहाळली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हे कुणी केलं?"

"आम्ही आलो तेव्हा होतंच."

"तुम्ही रोज हे बघत आंघोळ करता?"

मी ओशाळलो. त्यांनी तीन दिवस येऊन ती भिंत नव्याने केली. कुणी सांगितलं नव्हतं. आधीच्या अनोळखी मिस्त्रीचं काम जगात शिल्लक राहिलेलं त्यांना सहन होत नव्हतं, एवढंच. चौथ्या दिवशी आमच्या हिने त्यांना जेवायला बोलावलं आणि तेव्हापासून दर शुक्रवारी ते आमच्याकडे जेवतात. माझी दहा वर्षांची मुलगी ईरा त्यांच्याशी तासन्‌तास बोलते. माझ्याशी ती 'ओके बाबा' आणि 'नो बाबा' एवढंच बोलते. मला हे आवडत नाही. पण मत्सरात परबकाकांशी बरोबरी करायची माझी ताकद नाही.

या माणसाला हेवा करायला काहीही पुरतं. नवीन मॉल उघडला की खरेदीला नाही, चुका शोधायला जातो. कंपनीतल्या एका इजिप्शियन मिस्त्रीला मशिदीचं काम मिळालं, तर काका आठवडाभर जेवणात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत होते. एकदा आम्ही त्यांना समुद्रावर नेलं. बराच वेळ कंबरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "लेव्हल एक नंबर आहे हो. पण कडेला फिनिशिंग नाय."

तर या माणसाला मी टाइल्सच्या संग्रहालयात नेलं. कल्पना ईराची. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिला जायचं होतं. जुन्या शारजात एका घराण्याने आपला संग्रह राहत्या घरातच मांडलाय. इराणी, तुर्की, मोरोक्कन, सगळ्या नक्षीच्या टाइल्स. 

"भिंतीवरनं काढलेली टाइल म्हणजे सुकवलेला मासा," काका म्हणाले. "त्यात काय बघायचं?"

पण शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते आमच्या गाडीपाशी हजर होते. खिशातून वीतभर लांबीची पाणसळ, त्यांची लेव्हल तपासायची पट्टी, डोकावत होती.

"काका, यू कान्ट टच एनीथिंग देअर," ईराने बजावलं.

"मी कशाला हात लावतोय? नजर लावणार."

संग्रहालय सांभाळणारी बाई साठीच्या आसपासची, काळ्या अबायातली, चांगलं हिंदी बोलणारी. तिने आम्हाला खजूर आणि कावा ही अरबी कॉफी दिली आणि स्वतः आमच्याबरोबर फिरली. पहिल्या खोलीत काका फॉर्मात होते. ही टाइल वाकडी, तिचा रंग ओघळलाय, या दोघींचं माप एक नाही. "आमच्या साइटवर हा माल आला असता तर खलास! ट्रक गेटवरनंच परत." बाई हसत होती. मला घाम फुटला होता.

दुसऱ्या खोलीत शिरलो आणि काकांचा आवाज बंद झाला.

समोरची भिंत निळी होती. मधोमध एक सरूचं उंच झाड, त्याच्या दोन्ही बाजूंना वेली, आणि वेलींत लहान लहान पक्षी. जवळजवळ दीडशे टाइल्स जोडून केलेलं एकच चित्र. ईरा फोटो काढायला लागली. काका पुढे झाले, मागे आले, गुडघ्यांवर बसले, एक डोळा मिटून भिंतीच्या कडेने बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी आजवर न पाहिलेला त्रास होता. समोरचं जेवण आपल्या आईच्या हातच्यापेक्षा चांगलं झालंय हे कुणाला कबूल करावं लागावं, तसा.

"ये किसने बिठाया?" त्यांनी विचारलं.

बाई उत्तर देणार एवढ्यात ते ताडकन उठले. "भाऊ! तो बघा! डावीकडचा वरून तिसरा. उलटा!"

खरंच, एक पक्षी पाय वर करून बसला होता. त्याच्या वाट्याची वेलही शेजारच्या वेलीला जुळत नव्हती. काकांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांना देव भेटला.

"मॅडम, हमको बोलो. आधा घंटा लगेगा. फुकट करके देगा. वो मिस्त्री को कुछ आताच नहीं था."

"वो मिस्त्री नहीं था," बाई शांतपणे म्हणाली. "मेरे वालिद थे."

तिने सांगितलं ते असं. ही भिंत तिच्या आजीच्या घराच्या अंगणात होती. ते घर पाडायचं ठरलं तेव्हा वडिलांनी एकेक टाइल सोडवून इथे आणली. चांगले कारागीर मिळत होते. पण आईची भिंत परक्या हाताने लावायची नाही म्हणून त्यांनी स्वतःच शिकून, दोन हिवाळे खपून ती बसवली. उलटा पक्षी सगळ्यात शेवटी लक्षात आला. त्यांनी तो काढला नाही. आता ते नाहीत, आणि तीही काढणार नाही.

"अच्छा है," परबकाका म्हणाले.

मी वाट बघत राहिलो. 'पण' आला नाही. पुढच्या दोन खोल्या त्यांनी पाहिल्याच नाहीत. तिथेच एका बाकावर बसून राहिले.

परतताना गाडीत ईरा झोपली. औद्योगिक क्षेत्र मागे पडलं तेव्हा काका एकदम बोलायला लागले.

"भाऊ, माझ्या गावच्या घरात लाद्या घातल्या त्या गावकर नावाच्या माणसाने. मी बायकोला सांगत होतो, थांब, मी येतो, माझ्या हाताने घालतो. बारा वर्षं सांगत होतो. दर सुट्टी लग्नाकार्यात जायची. मग आई ओबडधोबड जमिनीवर पडली, कंबर मोडली. बायको म्हणाली, आता थांबत नाही."

"बरोबरच केलं त्यांनी."

"बरोबरच केलं. मी मे महिन्यात गेलो, आणि घरात पाऊल ठेवल्यापासून त्या गावकराच्या चुका काढल्या. आई खाटेवर होती, आणि मी सांधे बघत होतो. दोन दिवस बायकोशी नीट बोललो नाही. पाच वर्षं झाली याला." मग म्हणाले, "काम चांगलं होतं हो त्याचं. फक्त चुलीमागची भिंत अर्धवट टाकून गेला. तेवढ्या एका गोष्टीवर मी आजपर्यंत त्याला शिव्या घालतोय."

त्यांनी फोन काढला आणि घरी लावला. काकांचा फोन कायम स्पीकरवर असतो, साइटची सवय.

"जेवलात?" पलीकडून काकूंचा आवाज आला.

"होय. आयक गो. त्या गावकराक सांग, काम बरा केल्यान हा म्हणान."

"आज काय झाला तुमका?"

"काय नाय. फकत ती चुलीमागची भिंत तेवडी सोडल्यान त्येना."

"त्येना सोडल्यान नाय." मागे कुठेतरी कोंबडं ओरडत होतं. "मियाच सांगलंय, ती ऱ्हवांदे म्हणान. ती तुमची."

परबकाकांनी फोन मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर नुसते टॉवर होते. मी गाडी हळू केली. मग त्यांनी फोन पुन्हा तोंडाजवळ नेला.

"किती फूट असा गो ती?"

"माका काय म्हाईत?" काकू म्हणाल्या. "तुमीच येवन मोजा."