बिरादार अण्णांचं वानुआतू

बिरादार अण्णांच्या ओसरीवर दोन घड्याळं आहेत. एक आमच्या देवणीचं, दुसरं वानुआतूचं. दुसरं साडेपाच तास पुढं असतं. सकाळी आठला मी शाळेत निघालो की अण्णा दारातून सांगतात, "गुरुजी, तिकडं दीड वाजला. जेवणं उरकली असतील." कुणाची, हे आता गल्लीत कुणी विचारत नाही.

अण्णा निवृत्त बस कंडक्टर. सारी नोकरी कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवरच्या गाड्यांत गेली, समुद्र काही पाहिला नाही. पण प्रशांत महासागरातल्या या देशाबद्दल असं बोलतात, जणू कालच तिथून मुक्कामी गाडी घेऊन आलेत. भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेला नकाशा आहे. कुठलाही विषय निघो, "आता तिकडंच बघा ना," म्हणत त्यांचं बोट नकाशावर जातं. कुणी दारू पिऊन बडबडला, तर "तिकडंच बघा ना, कावा नावाचं मुळीचं पाणी पितात अन् गप बसतात. आपल्याकडं पिलं की भाषण." कुणी नवी मोटारसायकल मिरवली, तर "तिकडं डुकराचा सुळा जेवढा वाकडा तेवढा मालक मोठा. झेंड्यावर सुळा हाय त्यांच्या."

गल्लीला ही सवय झाली होती, पण अण्णांना सारं गाव हवं होतं. गेल्या पंधरा ऑगस्टला त्यांनी शाळेत दहा मिनिटं मागून घेतली आणि गाडीचे थांबे सांगावेत तशी बेटांची नावं सुरू केली. नवव्या बेटावर शाळा समितीच्या अध्यक्षांनी माइक काढून घेतला आणि जिलेबी वाटायला सांगितलं. लोक उठले ते उठलेच.

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी अण्णा माझ्याकडं आले. "गुरुजी, आवंदा शेवटची धा मिनिटं मागायलोय. ह्या टायमाला बी लोकं उठून गेली तर नकाशावर चुना मारतो. ते घड्याळ बी काढतो."

मी हसलो आणि मग दारातूनच त्यांच्या अंगणात पाहिलं. बादलीत चुना भिजत घातला होता. मला फार वाईट वाटलं. वेळ देतो, म्हणालो, फक्त बेटांची नावं घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी अण्णा जुन्या खाकी गणवेशात आले. खांद्यावर मांजरा नदीच्या रेतीचं पोतं. झेंड्यासमोर त्यांनी रेती पसरली, हातानं सारखी केली आणि माइक धरला.

"ऐंशीच्या आसपास बेटं. शंभराच्या वर भाषा. माणसं किती? सगळी मिळून आपल्या लातूर शहरात मावतील. ह्या बेटाचं बोलणं त्या बेटाला कळत न्हाई. मग करतात काय? एक बिस्लामा नावाची भाषा हाय, सगळ्यांची मिळून. अन् दुसरं हे."

ते खाली बसले. रेतीत उभ्याआडव्या रेषांची चौकट आखली आणि तीत बोट फिरवायला लागले. "बोट उचलायचं न्हाई. जिथनं निघालं तिथंच परत यायचं. त्यात निरोप असतो, गोष्ट असते."

मागच्यांना दिसेना म्हणून ते उभे राहिले. अध्यक्ष खुर्चीवर चढले.

"आमची लक्ष्मी तेलंगणातली," अण्णा रेघ ओढत म्हणाले. "तिला मराठी येईना. मला तेलुगू यायचं ते गाडीतलं. लग्न होऊन उंबऱ्यात थांबली, तर मी म्हणालो, मुंदुकु जरगंडी. पुढं सरका. दुसऱ्या दिवशी इचारलं, कुठं उतरणार?"

सगळं मैदान हसलं. अण्णाही हसले.

"ती काय बोलंना. सकाळी दारात मुग्गू घालायची, त्यांच्याकडची रांगोळी, एका रेघेची. ती बघून मला कळायचं. रागात असली की तळहाताएवढी. खुश असली की अर्धी गल्ली." बोट थांबलं. "तीन वर्षं झाली तिला जाऊन. मग एकदा भज्याच्या कागदावर ह्या देशातला माणूस दिसला, रेतीत रेघ काढताना. अगदी तिच्यावाणी. म्हणलं, ही भाषा बोलणारी माणसं अजून हायत."

बोट पुन्हा चाललं, पण शेवटच्या वळणावर अडलं. रेघ कुठून जोडायची ते आठवेना. कुणी उठलं नाही. जिलेबी निवत होती.

तेवढ्यात बायकांतून अण्णांच्या समोरच्या घरातल्या काशाबाई म्हणाल्या, "अण्णा, डावीकडनं घ्या. लक्ष्मक्का तशीच घ्यायची."

अण्णांनी डावीकडून घेतली. रेघ जुळली, आणि रेतीत एक भलंमोठं कासव पुरं झालं.

टाळ्या थांबेनात. अध्यक्ष खुर्चीवरून उतरले, माइक परत अण्णांच्या हातात दिला आणि म्हणाले, "राहिलेली बेटं बी सांगून टाका." अण्णांनी एकही थांबा न चुकवता सगळी सांगितली. गावानं बसून ऐकली. जिलेबी वाटायला दुपार झाली, आणि तो चुना शाळेच्या कुंपणाला लागला.

अण्णांच्या दारात तीन वर्षं तळहाताएवढीच रांगोळी दिसायची. शेजारची कुणी घालत असेल, असं मला वाटायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली, तर पुढं जायला रस्ता नव्हता. त्यांच्या उंबऱ्यापासून काशाबाईंच्या दारापर्यंत एकच पांढरी रेघ वळणं घेत गेली होती आणि परत आली होती. अण्णा पिठाळ हातांनी मधोमध उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवत होते.

"गुरुजी, गाडी हातात धरा अन् कडंकडंनं न्या," ते म्हणाले. मग रांगोळीकडं बघत हळूच म्हणाले, "लक्ष्मी लई खुश हाय आज."