हनुवटीखालचं ऊन

डिसेंबरात दुपारी आमच्या कांचघर वस्तीत कुणाच्या दाराची घंटी वाजवण्यात अर्थ नसतो. जेवणं उरकली की सगळा मोहल्ला गच्चीवर असतो. खाटा वर जातात, मटाराच्या पराती वर जातात आणि म्हातारी माणसं पाठ उन्हाकडे करून बसतात, ती चार वाजेपर्यंत उठत नाहीत. गेल्या डिसेंबरात मात्र एक माणूस रोज सावलीत बसलेला दिसायचा, आमचे शेजारी वानखडे. आणि ही सावली काही आपोआप पडलेली नव्हती. तेलाच्या चार डब्यांत सिमेंट भरून त्यांनी बांबू उभे केले होते, वर खाकी ताडपत्री ताणली होती आणि तिच्याखाली दोन स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून ते कुडकुडत बसत.

वानखडे मूळचे अमरावतीकडचे. लष्करी ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली. ट्रकच्या मागच्या भागावर जी ताडपत्री असते, तिला ते हूड म्हणतात. हूड शिवायचा, त्यावर पाणी मारायचं, कुठे गळतो ते शोधायचं आणि खडूनं 'पास' किंवा 'रिजेक्ट' लिहायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण तपासणी सुटलेली नाही. भाजीवाल्याची वांगी रिजेक्ट होतात, गल्लीतल्या गटाराचं झाकण रिजेक्ट होतं. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पास. पण चष्म्याचा नंबर वाढणार."

गच्चीवरच्या हूडाचं कारण गल्लीत सर्वांना ठाऊक होतं. त्यांचा मुलगा प्रशांत नॉर्वेत असतो, सून इंग्रिड तिकडचीच. नात माया आईवर गेलेली, भुवयासुद्धा धड दिसू नयेत इतकी गोरी. चार वर्षांपूर्वी, ती दीड वर्षाची असताना, सगळे इथे आले होते. तेव्हा आपल्याकडच्या रीतीनं तिला तेल चोळून गच्चीवर कोवळ्या उन्हात निजवलं गेलं. आपली बाळं त्यानं गुटगुटीत होतात. मायाच्या पाठीवर फोड आले. हे आजीनं, म्हणजे कमलताईंनी केलं होतं; त्यांनी स्वतःच तसं सांगितलं. इंग्रिड भांडली नाही, पण चार दिवस आधीच परत गेली आणि पुन्हा आली नाही. दोन वर्षांनी कमलताई गेल्या, तेव्हा प्रशांत एकटाच आला होता.

आता माया परत येणार होती. प्रशांतनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की या खेपेलाही पोर भाजली, तर इंग्रिड तिला पुन्हा इकडे आणणार नाही. वानखडेंनी हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि त्याच दुपारी शिलाई मशीन बाहेर काढलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी माझी पत्नी गेली होती. लोक येऊन बसत, काही काही बोलत. वानखडे आले ते दारातूनच म्हणाले, "सर, आपल्या गल्लीत तुम्ही त्यातल्या त्यात गोरे. सँपल पाहिजे, वर चला." मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, सँपल म्हणून मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. पंधरा दिवस मी बारा ते तीन त्या हूडाखाली पुस्तक घेऊन बसलो. ते घड्याळ पाहून फरशीवर खडूनं रेघा मारत. एक वाजून वीस मिनिटांनी ऊन माझ्या डाव्या घोट्यावर आलं. "लीक आहे," म्हणाले, आणि हूडाची एक बाजू उसवायला घेतली. त्या पंधरा दिवसांत आम्ही फारसं बोललो नाही. मला ते बरं वाटलं.

माया आली तेव्हा साडेपाच वर्षांची होती. हूडाच्याच कापडाची टोपी तिच्यासाठी तयार होती. मागे मानेवर झालर, हनुवटीखाली पितळी बक्कल. ती घातली की पोर लहानसा ट्रक दिसायची. तिला टोपी इतकी आवडली की झोपताना काढायला लावलं तर रडायची. शेजारच्या तिवारी भाभी तिचा गाल धरून म्हणाल्या, "कितनी गोरी है, नजर लग जाएगी." "नजर नहीं लगती भाभीजी, धूप लगती है," म्हणत वानखडेंनी दोघींच्या मध्ये छत्री उघडली. जिथे दर दुसऱ्या दुकानात गोरं होण्याची क्रीम टांगलेली असते, तिथे गोरेपणाला अडचण मानणारे ते एकटेच. "बिनाप्रायमरचा पत्रा आहे, सर. एका उन्हात गेला म्हणून समजा."

आठ दिवस नीट गेले. सकाळी इंग्रिड मायाला पांढरी क्रीम लावायची, मग दिवसभर पोर आजोबांच्या ताब्यात. नवव्या दिवशी भेडाघाटला जायचं ठरलं. वानखडेंनी आधी विरोध केला, मग एक हात जास्त असावा म्हणून मलाही बरोबर घेतलं.

घाटावर मायानं खव्याची जिलबी खाल्ली. पाक हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळला. वानखडेंनी गमछा भिजवून तिचं तोंड आणि गळा असा लख्ख पुसला की एक चिकट थेंब राहू दिला नाही. मग आम्ही नावेत बसलो. तासभर ते दोन्ही हातांनी छत्री तिच्यावर धरून होते, स्वतःचं टक्कल उघडं. नावाडी दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या खडकांत हत्ती-घोडे दाखवत यमकं जुळवत होता. मध्येच वैतागून म्हणाला, "दादा, लोग संगमरमर देखने आए हैं, आपकी छतरी नहीं." मागचे सगळे हसले. छत्री बोटभरही हलली नाही.

संध्याकाळी घरी टोपीचं बक्कल काढलं. कपाळ, कान, मान जशीच्या तशी होती. हनुवटी आणि गळा मात्र लालभडक. माया रडत नव्हती, फक्त मान वर करून धरली होती.

वानखडे गुडघ्यांवर बसून बघत राहिले. पाण्यावरून आणि त्या पांढऱ्या दगडांवरून ऊन खालून वर आलं होतं, आणि नेमकी तिथलीच क्रीम त्यांनी गमछ्यानं पुसून टाकली होती. कुणी सांगायच्या आधी त्यांना ते समजलं. छत्तीस वर्षं त्यांनी वरून पाणी मारून तपासलं होतं. खालून तपासायची वेळ कधी आली नव्हती.

प्रशांत स्कूटर घेऊन नेपियर टाउनला मलम आणायला गेला. मी माझ्या गच्चीवरून कोरफडीचं एक पान कापून आणलं. कुंडी पत्नीनं लावलेली आहे, मी नुसतं पाणी घालतो. इंग्रिडनं पान चिरलं आणि मायाच्या हनुवटीवर गर लावू लागली.

"सर," वानखडे म्हणाले, "तिले इंग्रजीत सांगा. त्या वेळी तेल मी लावलं होतं. कमलनं नाई."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"ती खाली पोळ्या करून राहिली होती. मी पोरीले वर नेलं, तेल लावलं, उन्हात निजवलं अन् पेपर वाचता वाचता माझाच डोळा लागला. सांगा."

मी सांगितलं. माझी इंग्रजी वाचण्याची, बोलण्याची नाही, वेळ लागला. 'कमलनं नाही' हे मी दोनदा सांगितलं. इंग्रिडचा हात थांबला. मग कमलताईंनी ते स्वतःवर का घेतलं, असं तिनं मला विचारलं आणि मी ते वानखडेंना विचारलं.

ते गमछ्याची घडी घालत होते. घालून झाली, पुन्हा उलगडली.

"ती म्हणे, सासूले तं लोक तसंही वाईटच धरतात. सासरा काहून वाईट करून घ्यायचा. अन् मी चूप बसलो. ती जाईस्तोवर चूप बसलो. आज हेही माझ्याच हातानं झालं. पोरीले पुन्हा आणायचं का नाई ते तिनं ठरवावं. पण कमलचं नाव त्यातून काढा म्हणा."

हेही मी सांगितलं. सासूच्या वाक्यापाशी इंग्रिडला हसू फुटलं आणि हसता हसताच तिनं मनगटानं डोळे पुसले, कारण बोटं चिकट होती. मग ती हळूहळू, मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करत बोलली. पुढच्या खेपेला कापड त्यांनी बघावं, तोंड ती स्वतः पुसेल, असं काहीसं.

मी ते मराठीत जुळवत होतो, तोवर ती उठली. दिवसभराच्या उन्हानं वानखडेंचं टक्कलही तांब्यासारखं झालं होतं. उरलेलं अर्धं पान तिनं हातात घेतलं आणि त्यांच्या डोक्यावर गर चोळायला सुरुवात केली. ते एकदम ताठ झाले. मग त्यांचे खांदे खाली आले, त्यांनी डोळे मिटले. मायानं पुढे होऊन दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी धरली, डोकं हलू नये म्हणून.

माझं भाषांतर अजून व्हायचं होतं. ते मी राहू दिलं.