सत्कारमूर्तींचे अर्धायुष्य

निर्माण झालेली प्रत्येक वस्तू वेळेवर मोडीत निघाली पाहिजे, नाहीतर नव्याला जागा होत नाही. हे तत्त्व पेशीला कोट्यवधी वर्षांपूर्वी समजले. उणकल तळ्यापलीकडच्या एका शिक्षणसंस्थेला ते जरा उशिरा समजले, पण पेशीपेक्षा चांगले समजले.

याचे श्रेय जीवरसायनशास्त्राचे विभागप्रमुख डॉ. शेषगिरी यांचे. पेशी आपली प्रथिने किती वेगाने मोडते, हा त्यांचा हयातभराचा विषय. एखादे प्रथिन काही मिनिटांत संपते, डोळ्याच्या भिंगातले जन्मभर टिकते. सर दरवर्षी त्याच टिपणांवरून (कागद जुने, विनोद त्याहून जुने) कारणे सांगत. साखळीच्या टोकाला पहिले अमिनो आम्ल कोणते, यावर बरेचसे आयुष्य ठरते. घडी बिघडली की आयुष्य घटते. पेशी उपाशी असली की मोडतोड वाढते. आणि ज्याला मोडायचे त्याच्यावर पेशी युबिक्विटिन नावाची खूण चिकटवते; एकीने भागत नाही, सहसा चार तरी लागतात, मग त्याला कातरयंत्रात ढकलतात.

पहिल्या आम्लाचा नियम संस्थेत तंतोतंत लागू होता. अर्जाच्या टोकाला अध्यक्ष भीमरावअण्णांचा भाचा, साडू असे काही लागलेले असले की माणूस भिंगातल्या प्रथिनासारखा टिके. नुसती पदवी असली की सहामाहीत विरघळे. घडीच्या बाबतीत मात्र संस्थेने पेशीची चूक सुधारली होती. पेशी वाकडे झालेले मोडते. संस्था सरळ राहिलेले मोडी.

राहता राहिली खूण. माणसाला काढले की तो कोर्टात जातो, म्हणून सरांनी सत्काराची पद्धत घालून दिली. हेमावती नावाच्या तासिकेवरच्या प्राध्यापिकेने भरवर्गात सांगितले, की सरांच्या आलेखाचे उभे-आडवे अक्ष उलटे पडले आहेत. (पडले होते. अनेक पिढ्या तसाच आलेख काढून पास झाल्या होत्या.) सर रागावले नाहीत. त्यांनी शिक्षकदिनाला तिच्या खांद्यावर शाल घातली. नोव्हेंबरातल्या राज्योत्सवाला दुसरी, विज्ञानदिनी तिसरी, स्नेहसंमेलनात चौथी. चौथ्या वेळी करंडा कलंडून शालीच्या काठावर कुंकू सांडले. टाळ्या थांबल्यावर सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या योग्यतेला ही जागा लहान पडते." टाळ्या इतक्या झाल्या होत्या की आता तक्रार तरी कशाची करणार? बिचारी गेली.

जाताना येणे-बाकी नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. त्यासाठी किल्ली, ओळखपत्र आणि शाली जमा करायच्या. पेशीसुद्धा प्रथिन कातरण्याआधी खूण सोडवून घेते आणि पुढच्याला लावते, हे सर वर्गात स्वतःच शोध लावल्यासारखे सांगत. शंकर शिपाई शालींना इस्त्री करून पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घाली.

सर स्वतः साठीनंतर मुदतवाढीवर होते. खुर्ची गेली तर सकाळी उठून जायचे कुठे, या विचाराने त्यांना धडकी भरे. त्यातच अण्णांची सून दीपश्री डॉक्टरेट झाली, विषय जीवरसायनशास्त्र. सरांनी तिचे मनापासून अभिनंदन केले आणि निर्धास्त राहिले, कारण त्याच वर्षी शिक्षकदिनाला अण्णांनी त्यांना शाल घातली होती.

राज्योत्सवाला दुसरी आली. सरांनी फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला. विज्ञानदिनी तिसरी आली. "बघितलंस? पाच वर्षांची मुदतवाढ एकदम देतात बहुतेक," ते बायकोला, जयलक्ष्मीबाईंना, म्हणाले.

स्नेहसंमेलनातली चौथी त्यांनी घरी आणून खुर्चीवर पसरली. जयलक्ष्मीबाईंनी काठ उलटून बघितला.

"अहो, ही त्या हेमावतीची शाल की हो. गेल्या संमेलनात सांडलेल्या कुंकवाचा डाग बघा की!"

"कुंकवाचे डाग सगळे सारखेच असतात गं."

"आणि माणसं?"

सर जरा घुश्शातच जेवायला बसले. आयुष्यभर खुणेवर व्याख्याने दिलेल्या माणसाला स्वतःच्या खांद्यावरची खूण ऊब वाटत होती, याला विद्वत्ता म्हणतात.

सोमवारी अण्णांनी बोलावले, पेढा हातावर ठेवला. "सर, साकु की आता, पुरे झालं. किती दगदग करून घेताय! तुमच्या योग्यतेला ही जागा लहान पडती बघा."

वाक्य ओळखीचे होते. सरांनी पेढा तोंडात घातला आणि "आभारी आहे," म्हणाले. दुसरे काय म्हणायचे ते त्यांनीच कोणासाठी शिल्लक ठेवले नव्हते. बाहेर शंकर उभा होता.

"सर, किल्ली दिलात. शाली?"

शेषगिरींचे तुम्हाला हसू आले असेल. साहजिक आहे. तुमच्याही कपाटात वरच्या कप्प्यात पिशवीसकट एक शाल पडून आहे, आणि ती कोणाला खपवायची हेही तुम्ही मनाशी ठरवले आहे. खुशाल द्या. फक्त त्याआधी ती एकदा उलगडून काठ बघा, आणि तुम्हाला ती कोणी घातली होती ते आठवा.